उशाखालचा खटक्याचा चाकू

आमच्या घरात एक चाकू आहे. त्यानं काही कापत नाही. पेरू नाही, सुतळी नाही. लोण्यावर टेकवला तर लोणी नुसतं दबतं. तरी दर खंडेनवमीला मी तो ट्रंकेतून काढते, पिनेनं त्याचा खटका साफ करते, पेन्सिलीचं शिसं खरवडून चिमूटभर पूड खाचेत घालते, दोनदा उघडते, दोनदा मिटते, हळदकुंकू वाहते आणि परत गुंडाळून ठेवते. घरातली पोरं हसतात. "आज्जी, धारच नाही त्याला, मग खटका कशाला सांभाळतेस गं?" मी म्हणते, धार कुणी घालवली ते विचारा की. पण तोवर जेवायची वेळ झालेली असते, कोण विचारतंय! म्हणून म्हटलं, आता लिहूनच ठेवावं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण. पहिलं माहेरी करायची रीत, पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली. माहेरी वडील, आबा, एकटे. कुलपं, किल्ल्या, छत्र्या, चाकू-कात्र्या दुरुस्त करायचे, बाजाराच्या तोंडाशी पोतं पसरून बसायचे. त्या पोत्यावरच मी वाढले म्हणा ना. शाळेत चौथीपर्यंत गेले, पण कुलूप उघडायला त्याच्या आधी शिकले. तर माहेरी करणार कोण? मग सासरीच झालं, शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत.

घरात सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मामंजी दोन वर्षांपूर्वी वारले होते. आमचे हे गिरणीत दुसऱ्या पाळीला, म्हणजे दुपारी जेवून गेले की घर झोपल्यावर परत. तेव्हा दिवेलागणीला घरात आम्ही दोघी आणि ते चार दिवसांचं गाठोडं, बस.

बाळंतिणीची खोली म्हणजे मागची. खिडकी नाही, वर हातभर झरोका. भिंतीपलीकडं विणकरांचं बिऱ्हाड. घरात तेलुगू बोलायचे, माणसं चांगली. त्यांचा माग दिवसभर चालायचा आणि आमची भिंत दिवसभर थरथरायची. मला सवय झालेली. पण दिवेलागणीला ते माग थांबवायचे, देवापुढं दिवा लावायला. दिवसभराचा आवाज एकदम बंद झाला की कसं वाटतं माहितीये? घरात कुणीतरी आलंय आणि सगळे गप्प झालेत, तसं.

आता चाकू. तो मामंजींचा. त्यांची माणसं कोरड्या मुलखातली, मेंढरं घेऊन फिरणारी. मामंजी तरणे असताना मेंढरांमागं हिंडले, मग गिरणीत आले, पण चाकू काही कमरेचा सुटला नाही. शिंगाची पिवळट मूठ, दोन्ही टोकांना पितळ, चार बोटं पातं. मुठीच्या पाठीवर पोलादाची पट्टी, तिला पुढं एक दात. पातं पूर्ण उघडलं की तो दात पात्याच्या बुडातल्या खाचेत जाऊन बसतो, खट्. मग पातं हलत नाही. मिटायचं तर पट्टीची मागची शेपटी अंगठ्यानं दाबायची, दात उचलला जातो, मग पातं वळतं आणि मिटतानाही तसंच खट् वाजतं. याला खटक्याचा चाकू म्हणतात. खटका चांगला तर चाकू माणसाचा, खटका झिजला तर चाकू कुणाचाच नाही, असं आबा म्हणायचे.

बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी विळा ठेवतं, कुणी अडकित्ता. आमच्याकडं हा चाकू. मुलगी झाली त्याच दिवशी आत्याबाईंनी स्वतः आणला, उघडला आणि माझ्या उशाखाली सारला, पातं भिंतीकडं.

"उघडाच ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "मिटल्यालं लोखंड झोपल्यालं असतंय."

बोलताना माझ्याकडं बघत नव्हत्या. बाळाकडंही नाही. पण मी तेव्हा ते कुठं ध्यानात घेतलंय!

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी धुरी आणली. निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं. धूर असा की डोळे उघडायची सोय नाही. मी पदर तोंडावर घेतला, पोरीला कुशीत झाकली. आत्याबाई खापर ठेवून गेल्या, दार कुरकुरलं, लागलं. त्या रोज तशाच जायच्या, बाहेर तुळशीपाशी दिवा लावायला. पलीकडचा माग थांबला. आणि त्या शांततेत, माझ्या डोक्यामागं, खट्.

धूर निवल्यावर उशाखाली हात घातला. चाकू मिटलेला.

म्हटलं, माझ्याच डोक्याच्या भारानं मिटला असेल. उघडून ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घालायला मावशी आली. ही पिढीजात सुईण, तिची आईपण सुईण होती. तोंडाचा पट्टा बंद नाही. पोरीला पायांवर घेऊन तेल चोळता चोळता म्हणाली, "नाक बग की, आज्ज्याचं हाय. आता मेंढरं घिऊन ये म्हणावं." मी हसले. मग हसण्यावारीच सांगून गेले, "मावशी, काल तो चाकू आपोआप मिटला बघ."

मावशीचा हात थांबला. पोरगी पायांवर तशीच, तेलानं चकचकीत.

"तू मिटलास न्हवं?"

"नाही गं. धुरीच्या वेळी आवाज आला."

तिनं दाराकडं बघितलं. आत्याबाई चुलीपाशी होत्या. आवाज खाली करून म्हणाली, "कुणी सांगितलं न्हाई व्हय तुला? तुज्या सासूचं पयलं लेकरू. पोरगीच हुती. हितंच, ह्याच खोलीत. तीस वर्सं झाली. माज्या आयनं सोडवली हुती. पाचव्या दिवशी ह्योच चाकू उशाखाली मिटल्याला घावला, आन् नवव्या दिवशी लेकरू ताठ झालं की गं. दूध पियना, डोळं वर. गेलं. चाकू मिटल्याला घावला म्हंजी ती येऊन गेली."

"ती कोण?"

"नाव घिऊ नगंस. पाचवी पुजायची हाय अजून."

मग पोरीवर पाणी घालायला लागली आणि पुन्हा नाकावर गेली. पण मला काही ऐकू येईना. मी दिवस मोजत होते. तिसरा, चौथा, पाचवा.

दुपारी आत्याबाई कलंडल्या तशी मी चाकू काढला. आबांची लेक ना मी. आधी यंत्र बघायचं, मग भुताचं बघू. पातं उघडून कडेनं हलवलं तर डुगडुगत होतं, पातं ज्या खिळीवर वळतं ती रिबीट ढिली. खाचेत तंबाखूचा चुरा, लोकरीची लव आणि गिरणीच्या गावात सगळीकडंच असते ती कापसाची भुकटी, असा सगळा मेणासारखा गोळा बसलेला. दात पुरता आत जातच नव्हता, नुसता काठावर टेकत होता. मला असं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, हे बघा तुमची सटवाई, तंबाखूचा चुरा! दिव्यातल्या रॉकेलात वातीचं टोक बुडवलं, खाच पुसली, मंगळसूत्रातल्या पिनेनं कोपरे उकरले. दात चांगला आत बसायला लागला. पातं भिंतीला टेकवून जोर लावला, मिटलं नाही. उशी ठेवून त्यावर कोपर रोवलं, मिटलं नाही.

तिन्हीसांज झाली. धुरी आली. दार कुरकुरलं. माग थांबला.

खट्.

त्या वेळचं काय सांगू? आधी निदान खटका खराब होता. आता खटका चांगला होता आणि तरी चाकू मिटला होता. मी पोरीला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली. आत्याबाई दिवा घेऊन आत आल्या, "काय झालं गं?" म्हणत. मी त्यांच्या पदराला धरलं. "आत्याबाई, चाकू..." त्यांनी उशाखाली बघितलं, चाकू उघडला, परत ठेवला. नुसत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. त्यांचा हात गार होता.

चौथ्या दिवशीही तेच.

पाचव्या दिवशी दुपारी आबा आले. कुंची, झबलं, डिंकाचे लाडू आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. ती पिशवी ते लग्नालासुद्धा घेऊन जायचे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नसतं, उंबऱ्याबाहेर बसले. नात बघितली, खुशीत आले.

"कुलपागत तोंड हाय हिचं," म्हणाले. "चावी घालावी लागंल."

"आबा, माझं एक काम करा. हा चाकू मिटतो."

"चाकू मिटनारच की बाये. मिटना तर त्याला सुरी म्हनावं लागंल."

"आपोआप मिटतो, आबा. कुणी हात न लावता."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि थट्टा सोडली. अंगणात बसून चाकू पुरता उकलला. खिळ्यानं जुनी रिबीट ठोकून काढली, पट्टी वेगळी केली, दात उजेडाला धरला. दाताच्या कडा झिजून गोल झालेल्या, पात्याच्या खाचेच्यापण. गोलावर गोल, घसरणारच. तेवढं बघून मलाही उंबऱ्यातून कळलं. त्यांनी बारीक कानशीनं दाताच्या आणि खाचेच्या कडा सरळ केल्या, लावून बघितलं, पुन्हा घासलं, पुन्हा लावलं. पट्टीला किंचित बाक दिला म्हणजे ती जोरानं बसावी. सायकलच्या तारेचा तुकडा कापून नवी रिबीट घातली, दोन्ही टोकं हातोडीनं हलके हलके पसरवली. मग म्हणाले, "पेन्शील हाय का घरात?"

"तेल देऊ का? शिवणयंत्राचं आहे शेजारी."

"तेल नगं. ह्या गावात तेल घातलं की कापूस येऊन बसतुया. शिसं घालायचं."

घरात पेन्सिल एकच होती. संध्याकाळच्या पाचवीसाठी आणलेली कोरी. पाट्यावर वरवंटा मांडून पूजा करायची, पुढं कोरा कागद आणि पेन्सिल ठेवायची, मग सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. आता त्या पेन्सिलीला हात लावावा का? पण आत्याबाई पाणी भरायला गेलेल्या आणि आबांचा हात पुढं आलेला. दिली. त्यांनी टोक काढलं, शिसं खरवडून पूड केली आणि बोटानं खटक्यात भरली, चांगली सढळ हातानं.

"आता दोन दिस जरा बोटं काळी होतील. पन बैल हुबा केला तरी मिटत न्हाई. आन् मिटायचा तर अंगठा रोवून दाबाय लागंल." पेन्सिल परत दिली, टोकदार. "सटवाईचं बी काम सोपं झालं की. टोक काढून दिलं तिला."

जाताना कानस माझ्याजवळच ठेवून गेले, लागली तर असू दे म्हणून.

पूजा झाली. चाकू उघडा करून पाट्यावर ठेवला होता, तो पूजेनंतर उशाखाली गेला. सकाळी कागद बघितला, कोरा. तो कोराच असतो, दिसणारं थोडंच लिहिते ती! आत्याबाईंनी कागद पोरीच्या डोक्याखाली सरकवला. चाकू रात्रभर उघडा राहिलेला. माझा जीव भांड्यात पडला.

सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला धूर आला. मी तोंड झाकलं. दार कुरकुरलं, लागलं. माग थांबला. मी वाट बघत होते. काही नाही. काही नाही. मग डोक्यामागं एक बारीक करकर, कुणी दातावर दात घासावेत तशी. थांबली. पुन्हा करकर. आणि खट्. आधीच्यापेक्षा मोठा, नव्या खटक्याचा.

धूर बसायच्या आत मी उशी उचलली. चाकू मिटलेला. पोरीच्या डोक्याखालचा कागद अर्धा बाहेर आलेला. आणि त्या कोऱ्या कागदावर एक अंगठा उठलेला. करडा. रेघा रेघा दिसत होत्या त्याच्या.

सातव्या दिवशी सकाळी मावशीनं तो कागद बघितला आणि पोरीच्या अंगावरचं पाणी थांबलं. "आगं बया! ल्हिवाय येत न्हाई वाटतं तिला. अंगठा उठवून गेली." स्वतःच्याच बोलण्याला हसायला गेली आणि हसूच आलं नाही तिला. भराभर आवरून निघून गेली. जाताना नेहमीसारखी चहाला थांबली नाही.

मी कागद मांडीवर घेऊन बसले. चाकू पुन्हा उघडून ठेवायचा म्हणून हातात घेतला. उघडला, खटका बसतोय का बघायला एकदा दाबला. आबांनी केलेला खटका, दाबता दाबता नख पांढरं झालं. मग सहज हाताकडं बघितलं तर अंगठा करडा. मी तो अंगठा कागदावर, त्या अंगठ्याच्या शेजारी टेकवला. तोच रंग.

कितीतरी वेळ मी त्या दोन अंगठ्यांकडं बघत होते. सटवाईला खटका दाबायची काय गरज? जी कपाळाचं हाड न फोडता आत लिहिते, ती चाकू फुंकरीनं मिटवेल. खटका दाबतं ते माणूस.

आणि घरात माणूस एकच होतं.

खरं सांगते, सटवाईची भीती बरी होती. तोपर्यंत मला भीती वाटली की मी आत्याबाईंच्या पदरात शिरत होते. आता तो पदर येताना दिसला की मी पोरीला भिंतीकडं सरकवायला लागले. त्यांनी खीर आणली, मी घास तोंडात धरून बसले. त्या म्हणाल्या, "गिळ की गं." मला वाटलं, यांना मुलगी नको होती का? यांचं लेकरू राहिलं नाही म्हणून माझं राहू नये? माणूस असलं मनात आणतं बघा, भाकरी करून घालणाऱ्या हाताबद्दल. त्यांचा उजवा अंगठा बघायचा प्रयत्न केला, तर त्या हात सारखा पदराखाली धरत होत्या.

त्या तिन्हीसांजेला मी पदराचं टोक ओलं केलं. धूर आला तसं ते नाकाशी धरलं आणि डोळे उघडे ठेवले. पाणी वाहत होतं, जळत होते, पण उघडे. धुरात खोली गेली, झरोका गेला, बाजेची कडसुद्धा दिसेना. दार कुरकुरलं. लागलं. पण पावलं बाहेर वाजली नाहीत. दार आतूनच ओढलेलं होतं.

माग थांबला.

धुरातून एक हात आला. नुसता हात, मागं माणूस नाही असा. मनगट उघडं, बांगडी नाही. म्हणून तर इतके दिवस कसला किणकिणाट आला नव्हता. तो हात पोरीच्या डोक्यावरून सावकाश गेला, तिला न शिवता, आणि उशाखाली शिरला. करकर वाजलं. अंगठा दाबत होता आणि खटका दाद देत नव्हता.

मी मनगट धरलं. ते ऊन होतं.

"आत्याबाई."

हात ओढला गेला नाही. धुरात कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. मग रडणं, तोंडात पदर कोंबून, बाहेर जाऊ नये असं.

"माज्या लेकराला कुणी न्हेलं न्हाई गं," म्हणाल्या. "ह्यानंच न्हेलं."

धूर विरत गेला तसं एकेक बोलल्या. तीस वर्षांपूर्वी हाच चाकू, हीच बाज. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी बाळाला पाजायला उचलताना उशी सरकली, चाकू बाहेर घसरला. पोरीचा हात पात्यावर गेला होता. त्या चाकू ओढायला गेल्या आणि झिजलेला खटका निसटला. पातं मिटलं ते पोरीच्या करंगळीवर. "ज्वारीच्या दाण्याएवडं लागलं हुतं गं. हळद दाबली. रगत थांबलं बी." चाकू पुसला, मिटवला, उशाखाली सारला. सासूला सांगायची छाती झाली नाही. संध्याकाळी सासूनं चाकू मिटलेला बघितला आणि साऱ्या आळीत झालं की येऊन गेली. नवव्या दिवशी लेकरू धनुष्यासारखं वाकलं. धनुर्वात, हे मला पुढं कळलं.

"समद्यांनी सटवाईला बोल लावला," म्हणाल्या. "म्या बी लावू दिला. मालकाला बी कदी सांगितलं न्हाई. चाकू ठिवायचा न्हाई म्हनलं असतं तर इचारलं असतं, का? म्हून उगडून ठिवायची आन् दिवेलागणीला मिटायची, झोपायच्या आदी. माग परत सुरू झाला की त्या आवाजात दार उगडून बाहीर. दिसाउजेडी तू जागी असतीस, न्हाई तर मी असते. राच्चं कोन बगतंय? चाकू परत उगडा ऱ्हायला की मग मी रातभर जागी."

"मग मला सांगायचं ना, आत्याबाई."

"कसं सांगू? तू इचारलं असतंस, का?"

मी विचारलं, "आणि कागद? कागदाला तुमचाच हात लागला ना काल?"

त्यांनी डोळे पुसले. "कागुद? म्या कशाला कागदाला हात लावू? देवीचा हाय त्यो."

उशी चाचपताना लागला असेल, त्यांच्या ध्यानात आलं नसेल. मी तसंच धरून चालते. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पण चाकूचं करायचं काय? काढून टाकला तर मावशी विचारणार, आळी विचारणार, आणि आत्याबाईंनी तीस वर्षं झाकलेलं उघडं पडणार. मिटून ठेवला तर आणखीच बोभाटा. उघडा ठेवला तर त्यांना रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आठव्या दिवशी दुपारी मी आबांची कानस काढली.

"आत्याबाई, लोखंड पाहिजे ना? धार पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

त्या उठल्या. मग दार लावून आल्या, पाटा ओढला, आणि उघडा चाकू त्यावर दोन्ही हातांनी दाबून धरला. मी पात्याच्या धारेवर कानस आडवी चालवली. बाळंतिणीनं असं काम करायचं नसतं, पण कोण बघतंय! करर, करर. पलीकडं माग चालला होता, त्यात आमचा आवाज मिसळून गेला. पोलादाची बारीक भुकटी त्यांच्या मनगटावर बसत होती. मुठीपासून टोकापर्यंत धार घालवली, मग टोक गोल केलं. त्या मध्येच म्हणायच्या, "हितं अजून हाय बग." स्वतःच्या बोटानं बघायच्या, एकदा, दोनदा, दहादा. शेवटी पातं आपल्या गालावरून फिरवलं आणि डोळे मिटले. "ऱ्हाऊ दे आता," म्हणाल्या.

नवव्या दिवशी तिन्हीसांजेला धुरी नव्हती. त्यांनी आणलीच नाही. दिवा लावून आल्या आणि बाजेपाशी बसल्या, एक हात उशाखाली, चाकूच्या मुठीवर. मी पोरीला पाजत होते. माग थांबला. खोलीत आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता बसलो होतो, कान देऊन. पोरगी चुटचुट पीत होती, तेवढाच आवाज. मध्येच तिनं पिणं थांबवलं. आत्याबाईंचा श्वास थांबलेला मला कळला. पोरीनं उचकी दिली, आणि पुन्हा ओढायला लागली.

माग सुरू झाला तसा त्यांनी हात काढला. चाकू उघडा होता.

बाराव्या दिवसापर्यंत तो उघडाच राहिला. मावशी म्हणाली, "बगितलंस? पाचवी बेस झाली, म्हून गेली ती." आम्ही दोघींनी माना हलवल्या.

बारशाला पाळण्याखालून कुंचीत गुंडाळलेला वरवंटा फिरवतात ना, एकीनं द्यायचा, दुसरीनं घ्यायचा, तो आत्याबाईंच्या हातात आला आणि तिथंच थांबला. बायका म्हणाल्या, "द्या की पुढं." त्यांनी तो बाळासारखा छातीशी घेतला, कुंचीच्या बाजूला वाकल्या आणि त्या दगडाच्या कानात काहीतरी बोलल्या. कुर्र नाही. एक नावच असावं, ओठ तेवढे हलले. बारसं व्हायच्या आधीच गेलेलीला नाव कुठलं असणार?

मग त्यांनी वरवंटा पुढं दिला. मी घेतला. तो ऊन होता.